डब्यावर कॅलिपरचं चित्र, आत सायलेन्सरचा रंग

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा आणि तांत्रिक विभाग

विषय : 'ब्रेक कॅलिपरसाठी खास, ६५० अंशांपर्यंत उष्णतारोधक' असं छापलेला लाल स्प्रे आणि त्याच्या जोडीचा क्लिअर कोट (रंगावर मारायचा पारदर्शक थर). सदोष माल, स्टिकरखाली झाकलेली सूचना आणि काल तुमच्या हेल्पलाइनवरून मिळालेला जीवघेणा सल्ला.

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवरचा शेवटचा फोन काल संध्याकाळी ठेवला आणि तेव्हाच ठरवलं की आता लेखीच द्यायचं. तुमचा माल काय आहे हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

काम नीट केलं होतं हे आधी लिहून ठेवतो, कारण तुमच्याकडचा प्रत्येक जण 'सर, सरफेस क्लीन केला होता का' इथूनच सुरुवात करतो. हो, केला होता. गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावले, पुढची चाकं काढली, कॅलिपरवरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबून गाडी थांबवणाऱ्या लोखंडी भागावरचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडला, आधी १२० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारला, ब्रेक क्लीनरनं धुऊन फडकं पांढरं निघेपर्यंत पुसलं. डिस्क, पॅड, ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल काढायची तोटी), स्लाइड पिनांचे रबरी बूट, सगळं मास्किंग टेप आणि वर्तमानपत्रानं झाकलं. एप्रिलच्या कोरड्या हवेत, सावलीत, पातळ हात मारत, मधे वाळू देत रंग दिला. वर तुमचाच क्लिअर कोट. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कॅलिपर ज्या एसजी आयर्नचा (ओतीव लोखंडाचा एक प्रकार) ओततात त्याचीच तपासणी माझ्या टेबलावर होते. तेव्हा 'लोखंडाला ओल होती का' हा प्रश्न कृपया पुन्हा विचारू नका.

रंग दिसला छान, हे खोटं कशाला बोलू. अलॉय चाकाच्या आरपार लाल कॅलिपर उठून दिसत होता. शेजारच्यांनीही डब्याचा फोटो काढून नेला. (त्यांना आता मी तोंड दाखवत नाही.)

पावसाळ्याआधी ब्रेक ऑइल बदलायला गाडी उद्यमनगरात नेहमीच्या गॅरेजला दिली. मिस्त्रींनी निपल सैल करून ऑइल काढलं, चार थेंब कॅलिपरवर ओघळले. रोजचंच आहे ते, प्रत्येक ब्लीडिंगला ओघळतात. त्यांनी सवयीनं फडकं फिरवलं आणि तांबड्या रश्श्याचा तवंग यावा तसं फडकं लाल झालं. त्यांनी आधी फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, ह्ये काय लावलंय ओ?" म्हणाले. मी तुमच्या कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी नख लावलं तर रंग सायीसारखा निघाला नाही इतकंच, बाकी खालचं लोखंड दिसलं. ज्या ठिकाणी ऑइल लागलं होतं तिथं क्लिअर कोट सुरकुतून फुगला होता. कॅलिपरवर ब्रेक ऑइल सांडणार हे कॅलिपरचा रंग बनवणाऱ्याला माहीत नसेल तर कोणाला माहीत असावं?

घरी येऊन डबा पुन्हा वाचला. पुढच्या बाजूला कॅलिपरचं चित्र, ६५० चा आकडा, खाली 'एका तासात हाताळता येतो, २४ तासांत पूर्ण वाळतो'. मागच्या बाजूला तुमचं स्टिकर : आयातदार, एमआरपी, महिना-वर्ष, हेल्पलाइन नंबर. स्टिकरचा एक कोपरा उचकटला होता आणि त्याखाली अक्षरं दिसत होती. हेअर ड्रायरनं गरम करून स्टिकर हळूच सोललं. खाली मूळ उत्पादकानं बारीक इंग्रजीत लिहिलेलं आहे की रंग पक्का होण्यासाठी आधी १२० अंश सेल्सिअसला, मग २०० ला, मग ३१५ ला, प्रत्येक वेळी अर्धा तास, मधे थंड करत, तापवावा लागेल. तसं केल्याशिवाय तो पेट्रोल, ऑइल आणि सॉल्व्हंटला टिकणार नाही. म्हणजे जी एकमेव ओळ गिऱ्हाइकानं वाचायला हवी होती, नेमकी तिच्यावर तुम्ही किंमत चिकटवलीत.

यासाठी मी फोन केला. त्या फोनबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे 'कॉल रेकॉर्ड होत आहे' असं दर वेळी ऐकवतात. ऐकून बघा.

"सर, क्युअरिंग केलं होतं का?"

मी म्हटलं, डब्यावर तसं कुठं लिहिलंय?

"सर, डब्यावर ड्राय टाइम आहे. क्युअरिंग वेगळं असतं. दोनशे डिग्रीला एक तास ठेवायचं."

"काय ठेवायचं?"

"कॅलिपर, सर."

"कुठं?"

इथं तो जरा थांबला. मागून दुसऱ्या कोणाचा तरी आवाज आला. मग एकदम हिंदीत आणि अत्यंत आपुलकीनं : "सर, घर पे ओव्हन तो होगा ना?"

महोदय, आहे. ओटीजी आहे. त्यात दिवाळीला नानकटाई होते. मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की कॅलिपरच्या आत पिस्टन असतो, पिस्टनभोवती रबरी सील असतं, मागं ब्रेक ऑइल भरलेलं असतं, आणि हे सगळं दोनशे अंशाला तासभर भाजलं तर रंग पक्का होईल पण ब्रेक राहणार नाही. त्यावर उत्तर : "सर, ऑइल पुसून घ्यायचं."

मग होल्डचं संगीत. टेक्निकल टीमला विचारून आलो म्हणाला, आणि जे सांगितलं ते शब्दशः लिहितो : "ओव्हन नसेल तर सर, गाडी घाटात घेऊन जा. उतारावर ब्रेक दाबून ठेवायचा. कॅलिपर आपोआप गरम होतो, रंग आपोआप सेट होतो. तुम्ही कोल्हापूरचे ना? तुमच्याकडे घाट भरपूर आहेत."

घाट भरपूर आहेत!

हो, आहेत. आणि त्या प्रत्येक घाटात आम्हाला एसटीच्या ड्रायव्हरपासून घरातल्या थोरल्यांपर्यंत सगळ्यांनी एकच शिकवलंय की उतरताना लहान गिअर टाक, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. तुमची टेक्निकल टीम पहिली, जी उलटं शिकवते. तेही रंगासाठी.

आता त्या टीमसाठी थोडा हिशोब, मला वाटलं होतं हा त्यांच्या भिंतीवर लावलेला असेल. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश, आणि हवेतली ओल शोषून घेतल्यावर किमान १५५. डॉट ३ चा तर २०५ आणि १४०. कोल्हापूरचा एक पावसाळा काढलेलं ऑइल नव्यासारखं राहत नाही. ते उकळलं की आत वाफ धरते, वाफ दाबली जाते, पायाखालचं पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी चालतच राहते. म्हणजे तुमचा रंग ३१५ अंशांना पक्का होतो आणि माझा ब्रेक त्याच्या कितीतरी आधी जातो. ज्या तापमानाला कॅलिपर कधीच पोचू नये, त्या तापमानाला पोचल्याशिवाय तुमचा 'कॅलिपरचा रंग' रंग होत नाही. मग ६५० चा आकडा कोणासाठी छापलाय?

नेहमी कॅलिपर किती तापतो हेही मी बघितलंय, फाउंड्रीतली टेंपरेचर गन घेऊन. शहरात फिरून आल्यावर सत्तर-ऐंशी. आंबा घाट साखरप्यापर्यंत उतरून, नीट गिअरमध्ये, लगेच थांबून गन धरली तर एकशे दहाच्या आसपास. म्हणजे स्टिकरखालची पहिली पायरीसुद्धा नाही.

माझा सरळ संशय आहे की हा सायलेन्सरचा रंग आहे. सिलिकॉन रेझिनचा. सायलेन्सरला तो शोभतो, कारण इंजिनाजवळचा पाइप गाडी चालवली की आपोआप तीनशेच्या पुढं जातो आणि रंग स्वतःच भाजून पक्का होतो. कॅलिपरसाठी ब्रेक ऑइल सोसणारा, रंग आणि हार्डनर मिसळून साध्या हवेत घट्ट होणारा रंग वेगळा असतो, तो ब्रशनं लावतात. हे तुम्हाला माहीत आहे. माहीत असून सायलेन्सरच्या डब्यावर कॅलिपरचं चित्र लावायचं, कारण अलॉयमधून दिसणाऱ्या लाल रंगावर पोरं पैसे टाकतात, काळ्या सायलेन्सरवर कोण टाकतो? धंद्याची अक्कल मान्य आहे. फक्त मग स्टिकर तरी दुसरीकडे लावायचं.

हो, मी स्टिकरवर पुन्हा येतोय, कारण काल हे बोललो तेव्हा पलीकडून 'सर, स्टिकर काढला तर वॉरंटी जाते' असं ऐकलं. ४०० मिलीच्या स्प्रेला वॉरंटी! ती कुठली, किती वर्षांची, एवढंच विचारलं तर फोन कटला. दहा मिनिटांत एसएमएस : 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमची सेवा कशी वाटली?' खाली पाच तारे. मी एकही दिला नाही, तर 'कृपया किमान एक तारा निवडा'.

वाईट याचं वाटतं की कंपनी तुमची आहे. आमच्या शिफ्टमधल्या निम्म्या पोरांच्या बाइकच्या चेनवर तुमचा स्प्रे आहे, आणि तो माझ्या सांगण्यावरून आहे. तुमचं गंज सोडवणारं ऑइल आमच्या मेंटेनन्सच्या कपाटात कायम असतं. तो माल चांगला आहे, म्हणूनच डोळे झाकून हा घेतला. सोमवारी सुपरवायझरना सांगणार आहे की कपाटातला पुढचा डबा दुसरा मागवा. तुमच्या उलाढालीत त्यानं काही फरक पडणार नाही, पण मला सांगायला बरं वाटेल.

आता काय हवंय ते. दोन्ही डब्यांचे पैसे, स्प्रेचे ६४० आणि क्लिअर कोटचे ५९०, बिलाची प्रत सोबत आहे. उरलेला अर्धवट रंग काढायला मिस्त्रींनी घेतलेली मजुरी, त्याचीही चिठ्ठी आहे. आणि पैशांपेक्षा महत्त्वाचं : डब्यावरून कॅलिपरचं चित्र काढा, नाहीतर तापवण्याची ती सूचना मराठी-हिंदीत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात पुढच्या बाजूला छापा. आणि 'घाटात ब्रेक दाबून ठेवा' हा सल्ला तुमच्या माणसांच्या तोंडातून आजच्या आज बंद करा. मी फाउंड्रीत असल्यानं हसून सोडलं. उद्या एखादा कॉलेजचा पोरगा खरंच करूळ घाट उतरेल तसा.

पंधरा दिवस थांबतो. तोवर लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी राहतो तिथंच, म्हणजे कोल्हापुरातच तक्रार दाखल करता येते, एवढ्या रकमेला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं त्यात येतं. तुमच्या कायदा विभागाला ते स्टिकर दाखवा. सोललेलं स्टिकर मी वहीत चिकटवून जपून ठेवलंय, खालच्या मजकुराचा फोटो सोबत जोडला आहे, नख मारलेल्या कॅलिपरचाही.

आपला,
एक ग्राहक,
कोल्हापूर

ता. क. : या पत्रावर फोन करायचाच असेल तर ज्यानं स्वतः हा रंग कॅलिपरवर मारून वापरलाय अशा माणसाला करायला सांगा. असा कोणी तुमच्याकडे नसेल तर लेखीच कळवा.