परवाना असला तरी विमानात शस्त्र नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमान अपहरणाचा विषय निघाला की, परवानाधारक प्रवाशांना स्वतःचे पिस्तूल जवळ बाळगू द्यावे, म्हणजे अपहरण करायला कोणी धजावणार नाही, असा विचार आपल्याकडेही बोलून दाखवला जातो. १९९९ मध्ये पळवून अफगाणिस्तानातील कंदाहारला नेलेल्या आपल्या विमानाची आठवण अजून ताजी असल्यामुळे तो अनेकांना पटतोही. ही सूचना करणाऱ्यांची कळकळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु ती मान्य झाली, तर पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडणाऱ्या प्रत्येक विमानातील प्रवासी आजच्यापेक्षा अधिक असुरक्षित होईल, असे माझे ठाम मत आहे.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आयसी ८१४ या विमानात पाच जण शस्त्रांसह चढू शकले, ते काठमांडूच्या विमानतळावरील तपासणी ढिली होती म्हणून. त्या विमानात एखाद्या प्रवाशाकडे पिस्तूल असते तर, अशी कल्पना करताना तो प्रवासी अचूक नेमबाज आहे, त्याचे डोके शांत आहे आणि तो नेमक्या जागी बसला आहे, हे सारे आपण गृहीत धरतो. पण मुभा एकट्या त्याला मिळाली नसती. खोट्या नावांनी प्रवास करणाऱ्या त्या पाच जणांना खोटा परवाना पैदा करणे कितीसे अवघड गेले असते? जी शस्त्रे त्यांना चोरून न्यावी लागली, ती त्यांनी तपासणी कर्मचाऱ्यांसमोर उघडपणे नेली असती.

याहून मोठी अडचण आत, विमान आकाशात असताना उभी राहते. आपल्या देशांतर्गत मार्गांवरील बहुतेक विमानांत दीडशे ते दोनशे प्रवासी असतात आणि त्यांच्यामधली वाट जेमतेम एक माणूस जाईल एवढी असते. तिथे एकाने पिस्तूल काढले आणि त्याला रोखण्यासाठी दुसऱ्याने काढले, तर मागच्या रांगेतील तिसऱ्या परवानाधारकाला दोन सशस्त्र माणसे दिसतील. त्यांतला अपहरणकर्ता कोण आणि वाचवणारा कोण, हे त्याने क्षणार्धात कशावरून ठरवायचे? कंदाहारच्या घटनेनंतर आपल्या विमानांत साध्या वेशातील सशस्त्र सुरक्षा जवान, म्हणजे स्काय मार्शल, नेमले जाऊ लागले. आज त्यांना कोणत्याही प्रवाशाच्या हातातील शस्त्र हे शत्रूचे आहे असे धरून चालता येते. मदतीला धावलेल्या सज्जन प्रवाशावरच त्यांना गोळी झाडावी लागेल, अशी वेळ आपण का आणावी? एप्रिल १९९३ मध्ये अमृतसरला उतरवलेल्या अपहृत विमानात राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो शिरले आणि एकाही प्रवाशाचा जीव न जाता काही मिनिटांत त्यांनी सुटका केली. अंधारात आत शिरणाऱ्या त्या जवानांना समोर दहा-बारा प्रवासी पिस्तुले रोखून बसलेले दिसले असते, तर त्या कारवाईचे काय झाले असते, याचा विचार करावा.

शिवाय, समोरचे शस्त्र खरे आहे की खोटे, हेही कळत नाही. जानेवारी १९७१ मध्ये श्रीनगरहून जम्मूला जाणारे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेले गेले आणि तिथे जाळण्यात आले. अपहरणकर्त्यांच्या हातातील पिस्तूल आणि हातबॉम्ब बनावट होते, हे नंतर उघड झाले. त्या दिवशी विमानात खरी पिस्तुले बाळगणारे प्रवासी असते, तर नकली शस्त्राला उत्तर म्हणून खऱ्या गोळ्या सुटल्या असत्या आणि त्या प्रवाशांनाच लागल्या असत्या.

प्रवाशांची सरसकट तपासणी नसली तर काय होते, याचा अनुभव अमेरिकेने घेतलेला आहे. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत तिथे अपहरणाचे शंभराहून अधिक प्रयत्न झाले. ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली आणि ही लाट झपाट्याने ओसरली. प्रवाशांना सशस्त्र करून ती ओसरली नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यायला हवे.

गोळीने विमानाला भोक पडले की विमान फुटते, ही समजूत मात्र खरी नाही. केबिनमधील दाब राखताना हवा सतत आत घेतली जाते आणि झडपेतून बाहेर सोडली जाते, त्यामुळे एका लहान छिद्राने सहसा अनर्थ होत नाही. मार्च २००८ मध्ये अमेरिकेत एका विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकाचेच पिस्तूल चुकून उडाले, गोळी विमानाच्या भिंतीतून आरपार गेली आणि तरीही विमान सुखरूप उतरले. पण ते पिस्तूल सरकारी प्रशिक्षण घेतलेल्या, अधिकृत परवानगी मिळालेल्या वैमानिकाचे होते, ही गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते.

खरा धोका विमानाच्या पत्र्याला नसून माणसांना, विशेषतः वैमानिकांना आहे. मे १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात एका प्रवाशाने दोन्ही वैमानिकांवर रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या आणि विमानातील सर्व ४४ जण मरण पावले. डिसेंबर १९८७ मध्ये त्याच राज्यात नोकरीवरून काढलेला एक विमान कर्मचारी जुन्या ओळखपत्राच्या बळावर तपासणी टाळून रिव्हॉल्व्हरसह विमानात चढला. आपल्या वरिष्ठाचा सूड घेण्याच्या नादात त्याने सर्व ४३ जणांचा बळी घेतला. यातला कोणीही दहशतवादी संघटनेचा नव्हता. निराशा आणि राग यांना परवान्याची अट अडवू शकत नाही, कारण परवाना देताना पाहिली जाते ती अर्जदाराची त्या दिवशीची स्थिती. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत, विमानाला आणखी उशीर होणार असे सांगणाऱ्या वैमानिकावर एका प्रवाशाने हात उचलला, ते दृश्य देशभर पाहिले गेले. धुक्यात तासन्‌तास खोळंबलेल्या त्या गर्दीत काही जणांच्या कमरेला पिस्तुले असती तर?

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमानांचे अपहरण झाले, त्यानंतर जगभर जो उपाय टिकला तो भक्कम, गोळीला दाद न देणाऱ्या आणि आतून बंद राहणाऱ्या कॉकपिटच्या दाराचा. त्याच दिवशी चौथ्या विमानातील प्रवाशांनी अपहरणकर्त्यांना प्रतिकार केला तोही बंदुकीशिवाय.

आपल्याकडील कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. परवानगीशिवाय शस्त्र व दारूगोळा विमानातून नेण्यास १९३७ च्या नियमांपासून बंदी आहे. मात्र परवानाधारकाला शस्त्र नेताच येत नाही असे नाही: काउंटरवर ते जाहीर करायचे, परवाना दाखवायचा, शस्त्र रिकामे करून काडतुसे वेगळी बांधायची आणि सारे सामानकक्षात पाठवायचे. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव करणारे नेमबाज आपल्या रायफली स्पर्धांना अशाच नेतात. शस्त्र हाताळण्यात त्यांच्याइतके तरबेज प्रवासी सापडणे कठीण, आणि तेच ही शिस्त बिनतक्रार पाळतात. त्यांना ज्या काउंटरवर थांबावे लागते तिथल्या कर्मचाऱ्यांना प्रक्रिया माहीत असावी आणि त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आपल्या विमानतळावर अधूनमधून प्रवाशाच्या हँडबॅगेत जिवंत काडतूस सापडल्याची बातमी येते. पुष्कळदा ते बॅगेच्या कप्प्यात विसरून राहिलेले असते. जाणीवपूर्वक ताबा नसेल तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा आहे. तरीही फिर्याद, चुकलेले विमान आणि न्यायालयाच्या खेपा त्या माणसाच्या वाट्याला येतातच. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या ९३ टक्के भरलेल्या होत्या, यावरून हा निष्काळजीपणा कोणत्या थराला जाऊ शकतो ते दिसते. तपासणीतील कडकपणा तसूभरही कमी होऊ नये. त्याऐवजी विमान कंपन्यांनी तिकिटासोबत मराठीत सूचना द्यावी, परवान्याचे नूतनीकरण करताना पोलिसांनी परवानाधारकाला विमानप्रवासाचे नियम लेखी द्यावेत, आणि लोहगावच्या टर्मिनलच्या प्रवेशद्वारापाशीच, क्ष-किरण यंत्रापर्यंत पोचण्याआधी, बॅग पुन्हा तपासून घेण्याचा ठळक फलक आणि शस्त्र जाहीर करण्याच्या काउंटरची दिशा दाखवावी, अशी संबंधितांना माझी आपल्या वृत्तपत्रातून विनंती आहे.

आपला,
एक वाचक, विश्रांतवाडी, पुणे