पावसाळ्यात पुळणीवर सापडणारा अनोळखी पक्षी

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळ्यात कोकणच्या एखाद्या किनाऱ्यावर थकलेला, अनोळखी पक्षी सापडला की त्याचे छायाचित्र आपल्या जिल्हा पानावर आवर्जून येते, याचे मला नेहमीच समाधान वाटते. मात्र त्याखालच्या ओळीत त्या पक्ष्याला बहुतेक वेळा ‘सीगल’ नाहीतर ‘समुद्री गरुड’ म्हटलेले असते. नाव चुकले तर पक्ष्याचे काय बिघडते, असे पूर्वी मलाही वाटत असे. आता तसे वाटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मागच्या जुलैत, दोन दिवस सतत चाललेल्या वाऱ्यापावसानंतर, सकाळच्या ओहोटीला गुहागरच्या पुळणीवर सुरूच्या बनाच्या कडेला बदकाहून बराच मोठा असा एक पक्षी बसलेला आढळला. त्याचे डोके आणि पाठ तपकिरी होती, पोट स्वच्छ पांढरे होते, मानेच्या मागच्या बाजूने पांढरा पट्टा गेलेला होता आणि चोच लांब, सरळ, टोकाकडे निमुळती होत गेलेली होती. जमलेल्यांपैकी कोणी त्याला सीगल म्हणाले, कोणी पाणकावळा. समुद्रातला पक्षी समुद्रातच बरा, या समजुतीने मुलांनी त्याला दोनदा लाटांत सोडले आणि दोन्ही वेळा लाटेने त्याला परत वाळूवर आणून टाकले. त्यानंतर तो चावू नये म्हणून एका गृहस्थांनी त्याची चोच सुतळीने बांधली. मी तिथेच उभा होतो आणि मला त्यात काही गैर वाटले नाही. तासाभराने वनविभागाचे कर्मचारी आले, त्यांनी सर्वांत आधी ती सुतळी सोडली, पण पक्षी त्या रात्री दगावला.

तो मास्क्ड बूबीचा तरुण पक्षी होता, हे मला नंतर कळले. प्रौढ झाल्यावर हाच पक्षी पांढराशुभ्र होतो, फक्त पंखांची कड आणि शेपटी काळी राहते व चोचीभोवती मुखवटा घातल्यासारखी काळी कातडी दिसते. त्यामुळे पुस्तकातले प्रौढ पक्ष्याचे चित्र पाहून वाळूवरचा तपकिरी तरुण पक्षी ओळखू येत नाही. बूबीच्या चोचीला बाहेरून उघडी नाकपुडी नसते. उंचावरून पाण्यात सूर मारून मासे पकडणाऱ्या या पक्ष्याच्या नाकात पाणी शिरू नये, अशी ती रचना आहे, आणि म्हणून तो चोचीच्या कडांमधून श्वास घेतो. त्याची चोच घट्ट बांधणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे होय. त्या दिवशी आमच्यापैकी एकाला जरी पक्षी ओळखता आला असता, तरी ती सुतळी बांधली गेली नसती.

ओळख पटवण्यासाठी रंगापेक्षा चोच आणि पाय पाहणे अधिक भरवशाचे आहे, असे मी अनुभवाने सांगतो. सीगलची, म्हणजे आपल्या कुरवाची, पुढची तीनच बोटे पडद्याने जोडलेली असतात; बूबीची चारही बोटे जोडलेली असतात. चारही बोटे पाणकावळ्याचीही जोडलेली असतात, परंतु त्याच्या चोचीचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. समुद्री गरुडाला तर शिकारी पक्ष्याची बाकदार चोच आणि मोठ्या नख्या असतात, त्यामुळे तिथे घोटाळा व्हायला नको. चोचीच्या वर नळीसारख्या नाकपुड्या दिसल्या तर तो शिअरवॉटर किंवा पेट्रेल समजावा. यांपैकी विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हा जेमतेम बुलबुलाएवढा, काळपट, कमरेवर पांढरा पट्टा असलेला पक्षी अंटार्क्टिकाकडून येऊन आपल्या समुद्रात पावसाळा काढतो. तपकिरी बूबी हा मास्क्ड बूबीचा जवळचा भाऊबंद आहे, पण त्याच्या मानेवर पांढरा पट्टा नसतो आणि तपकिरी रंग छातीपर्यंत उतरून तिथे रेघ मारल्यासारखा थांबतो.

ऋतूचाही विचार करावा. कुरव हे आपल्याकडचे हिवाळी पाहुणे आहेत आणि आषाढ-श्रावणापर्यंत ते बहुतेक सारे उत्तरेकडे परतलेले असतात. उलट मास्क्ड बूबीची वीण ओमानजवळच्या बेटांसारख्या ठिकाणी होते, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या जोरात सापडलेले, पोटात अन्न नसलेले पक्षी आपल्या किनाऱ्याला लागतात. हे पक्षी भर समुद्रात होडीवर येऊन बसलेले ज्यांनी पाहिलेले असतात, ते आपले खलाशी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंदीमुळे घरीच असतात. पक्षी सापडला की प्रथम त्यांना बोलावून विचारावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्याला माझी विनंती अशी आहे की दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात या चार-पाच पक्ष्यांची चित्रे, तरुण आणि प्रौढ अशा दोन्ही रूपांत, आपण जिल्हा पानावर छापावीत. सोबत एवढे जरूर असावे: पक्ष्याला पुन्हा पाण्यात ढकलू नये, चोच बांधू नये, तोंडात पाणी ओतू नये आणि दूध-पाव भरवू नये, त्याच्यावर कापड टाकून, आपले डोळे त्याच्या चोचीपासून सांभाळून, त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या व शांत जागी ठेवावे आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. छायाचित्र घेताना चोच बाजूने, मान मागून आणि पाय जवळून असे तिन्ही घ्यावे, तसेच दिनांक आणि गाव नोंदवावे, कारण नीट नोंद असलेला पक्षी मेला तरी अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. आम्ही त्या सकाळी काढलेल्या सगळ्या छायाचित्रांत पक्ष्यापेक्षा माणसेच अधिक दिसतात, आणि पाय तर एकाही छायाचित्रात आलेले नाहीत.

आपला नम्र,
एक वाचक, गुहागर