ऊतींतील चुंबकीय नॅनोकणांच्या पडताळणीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

शरीरात सोडलेले लोह ऑक्साइडचे नॅनोकण नेमके कुठे जाऊन बसले, हे बाहेरून पाहता यावे यासाठी चाललेल्या संशोधनातील एका दुर्लक्षित कामाकरिता आमचे मंडळ आपल्याकडे मदत मागत आहे. हे काम यंत्र उभारण्याचे नाही. यंत्राच्या पडद्यावर उमटलेला ठिपका खरा की भास, हे प्रत्यक्ष ऊती कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवण्याचे आहे. यंत्रावर नाव कोरता येते म्हणून की काय, यंत्राला देणगीदार मिळतात; काचपट्ट्या, मेण आणि तंत्रज्ञाच्या तासांसाठी मात्र कोणी पुढे येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

हे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर डेक्स्ट्रानसारख्या शर्करेचे आवरण चढवलेले असते. शिरेतून दिले, तर त्यांतील बरेचसे यकृतातील कुप्फर पेशी गिळून टाकतात. स्तनातील गाठीजवळ टोचले, तर ते लसिकावाहिन्यांतून वाहत पहिल्या लसिकाग्रंथीत जाऊन थांबतात आणि कोणती ग्रंथी काढून तपासायची हे शल्यविशारदाला कळते. म्हणजे कण कुठे थांबले यावर रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय अवलंबून असू शकतो. अशा वेळी ‘बहुधा इथे असावेत’ एवढे उत्तर पुरत नाही.

एमआरआयमध्ये हे कण सहसा काळ्या डागासारखे दिसतात, आणि अडचण तिथेच आहे, कारण जुना रक्तस्राव काळा दिसतो आणि हवेचा बुडबुडाही काळाच दिसतो. यावर वेगळा मार्ग बर्नहार्ड ग्लाइख आणि युर्गन वाइझेनेकर या हॅम्बुर्गच्या फिलिप्स प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ मध्ये मांडला. कणांचे चुंबकत्व एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, ते संपृक्त होते. त्यामुळे सेकंदाला सुमारे २५ हजार आवर्तने करत दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र त्यांच्यावर लावले, की परत येणाऱ्या संकेतात त्या वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट अशा वारंवारताही उमटतात. भोवतालच्या स्नायूंतून, चरबीतून, पाण्यातून असे काही येत नाही. जोडीला एक दुसरे, स्थिर क्षेत्र असे रचलेले असते, की एक छोटी जागा सोडून बाकी सर्वत्र कण आधीच संपृक्त होऊन गप्प बसतात. सगळ्यांची तोंडे बांधून एकालाच बोलू द्यावे, तसा हा प्रकार आहे. ती मोकळी जागा ऊतीभर फिरवली की चित्र तयार होते. २००९ मध्ये या पद्धतीने जिवंत उंदराचे धडधडते हृदय पाहता आले.

कल्पना देखणी आहे, पण चित्रावर विसंबण्यापूर्वी ते ताडून पाहणे भाग आहे. चित्रातील तपशील साधारण मिलिमीटरच्या घरातला असतो, तर सूक्ष्मदर्शकासाठी कापलेला छेद सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचा. म्हणजे चित्रातील एका मिलिमीटरसाठी मायक्रोटोमवर २०० छेद कापायचे, निदान त्यांतील ठरावीक अंतरावरचे काचपट्टीवर घेऊन रंगवायचे आणि प्रत्येकाचा क्रम चुकू द्यायचा नाही. रंगवण्यासाठी आम्ही पर्ल्सची १८६७ पासून चालत आलेली पद्धत वापरतो: पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणात छेद बुडवला, की लोह असलेल्या जागी निळे कण दिसू लागतात. अर्थात, जुन्या रक्तस्रावातून उरलेले हिमोसिडेरिनही तितकेच निळे होते. म्हणून नुसता निळा रंगही पुरावा ठरत नाही. त्याच तुकड्याचा आधी घेतलेला चुंबकीय संकेत आणि नंतरचा निळा रंग एकाच जागी जुळले, तरच आम्ही तिथे नॅनोकण असल्याची नोंद करतो.

एकदा आमच्याकडून चूकही झाली. एका तुकड्याच्या कडेला ठळक संकेत मिळाला, रंगवल्यावर मात्र तिथे पेशींत काहीच निळे दिसेना. शेवटी पोलादी पात्याचा सूक्ष्म कपचा तिथे चिकटून राहिल्याचे लक्षात आले. तेव्हापासून चुंबकीय मापन होईपर्यंत तुकडे सिरॅमिकच्या पात्यानेच कापले जातात. ही पाती पोलादी पात्यांहून महाग पडतात आणि ठिसूळ असल्याने तुटतात फार.

आपल्याकडून आम्हाला प्रथम हवा आहे तो निधी: पाती, काचपट्ट्या, पॅराफिन, रसायने आणि एका पूर्णवेळ ऊतितंत्रज्ञाचे मानधन यांसाठी. निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांनी आठवड्यातले काही तास दिले, तर ते आम्हाला पैशांहून मोलाचे आहेत, कारण काचपट्टी वाचणारा डोळा विकत मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकारांचीही गरज आहे. आमच्या अॅम्प्लिफायरमुळे संकेतात येणारी विकृती (डिस्टॉर्शन) नेमकी तिप्पट आणि पाचपट वारंवारतेवरच येते आणि कणांचा क्षीण संकेत तिच्यात बुडून जातो. ती गाळणारे फिल्टर बांधून देणारे आणि बारीक पदरी लिट्झ तारेची कॉइल गुंडाळण्याची सवय असलेले हात आम्हाला हवे आहेत.

शस्त्रक्रियेत काढलेल्या आणि निदानासाठी लागणाऱ्या भागाव्यतिरिक्त उरलेल्या ऊती संशोधनाला देण्यास आपली तयारी असेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वीच आपल्या डॉक्टरांना सांगावे. नैतिकता समितीने मान्य केलेल्या संमतिपत्राशिवाय एकही तुकडा स्वीकारला जात नाही, आमच्यापर्यंत नाव न येता फक्त क्रमांक येतो, आणि तुकडा वापरला जाईपर्यंत संमती केव्हाही मागे घेता येते.

एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मंडळात कोणत्याही रुग्णाची तपासणी किंवा उपचार होत नाहीत, आणि देणगी दिल्याने तशी सोय मिळणार नाही. हे कण निरुपद्रवी आहेत असा दावाही आम्ही करत नाही. फेरुमोक्सिटॉल हे याच जातीचे औषध मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयासाठी अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झाले, आणि जीवघेण्या अॅलर्जीच्या धोक्यामुळे २०१५ मध्ये त्यावर तिथे सर्वांत कडक इशारा छापण्यात आला. त्यामुळे कमीत कमी मात्रेत कण कितपत ओळखता येतात, हाही आमच्या तपासणीचा भाग आहे.

प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल आणि खर्चाचा हिशेब मंडळाच्या कार्यालयात कोणालाही पाहता येईल. जुळलेल्या काचपट्ट्यांबरोबर न जुळलेल्याही जपून ठेवल्या आहेत. देणगी देण्यापूर्वी त्या पाहायच्या असतील, तर तसे कळवून यावे, म्हणजे सूक्ष्मदर्शक मोकळा ठेवता येईल.

आपले नम्र,
कार्यकारी समिती