नीरोने रुपयामागे दोन आणे खाल्ले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला रोमचा सम्राट नीरो याच्यावरचा लेख दोनदा वाचला. इ.स. ५९ मध्ये आईचा खून, ६२ मध्ये बायकोचा, ६४ ची आग आणि तिचं खापर ख्रिश्चनांच्या माथी मारून केलेले त्यांचे हाल, सगळं आलं आहे. पण त्याची एक चोरी राहून गेली. बडोद्यात आमची तीन पिढ्यांची सराफी, म्हणून राहवलं नाही.

आगीनंतर शहर उभारायला आणि स्वतःचा सुवर्णमहाल बांधायला नीरोला पैसा हवा होता. त्यातला काही त्याने नाण्यांतून काढला. देनारिअस हे रोमचं चांदीचं नाणं. पूर्वी एक रोमन पौंड चांदीत ८४ देनारिअस पाडत, त्याने ९६ पाडले. वर तांबं जास्त मिसळलं. सोन्याचं नाणंही हलकं केलं. नुसत्या वजनातच रुपयामागे दोन आणे, म्हणजे आठवा हिस्सा, गेले! साध्या शिपायाचा वर्षाचा पगार २२५ देनारिअस. आकडा तोच राहिला, पण त्यातल्या २८ नाण्यांची चांदी गेली. नाण्यावर मात्र तोंड सम्राटाचं, त्यामुळे तक्रार करायची कुणाकडे?

गेल्या महिन्यात एक बाई मुलीच्या फीसाठी तोडे मोडायला आल्या. वीस वर्षं जपलेले. कस लावला तर चांदी जेमतेम निम्मी. त्यांनी तोडे पुन्हा रुमालात बांधले, गाठ मारताना बोटं थरथरत होती. नीरोचा विचार करताना मला आगीआधी ती गाठ दिसते.

आपल्या शेजारच्या भडोचला त्याच शतकात रोमन जहाजं येत. तिथे त्यांच्या सोन्याचांदीच्या नाण्यांना चांगला भाव मिळे, असं एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे. पण दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत नीरोआधीच्या ऑगस्टस आणि टायबेरिअस या सम्राटांचीच गर्दी आहे, नीरोची हलकी नाणी फारच थोडी. माझ्या मते आपल्या व्यापाऱ्यांनी तोंड पाहिलं नाही, तराजू पाहिला. याचा मला फार अभिमान वाटतो.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर नाण्यांवर दोन परिच्छेद अवश्य द्यावेत, ही विनंती. आमच्या पेढीत पणजोबांच्या वेळचा बडोदे संस्थानचा एक बाबाशाही रुपया आहे. वजन करून दाखवायचं असेल तर लेखकांनी केव्हाही यावं.

आपला,
एक सराफ, बडोदे