सुईचं पान गाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या मनातली दवाखान्याची भीती जावी म्हणून चित्रपुस्तकं निघतात, याचा मला मनापासून आनंद आहे. नातवासाठी अलीकडे अशी पाच-सहा पुस्तकं चाळली. मुलांच्या वॉर्डात मी २७ वर्षं परिचारिका होते, त्यामुळे प्रत्येक पुस्तकात आधी सुईचं पान शोधलं. एकात ते नव्हतंच. अस्वलाचं पिल्लू डॉक्टरांसमोर बसतं आणि पुढच्याच पानावर फुगा घेऊन घरी निघतं. दुसऱ्यात डॉक्टर म्हणतात, "अजिबात दुखणार नाही!" ही दोन्ही पुस्तकं मी बाजूला ठेवली.

इंजेक्शन दुखतं. थोडा वेळच, पण दुखतं. "मुंगी चावेल फक्त" असं सांगून आणलेलं मूल पहिल्या खेपेला बेसावध असतं. दुसऱ्या खेपेला ते दारातच किंचाळतं, कारण सुईची भीती तर असतेच, वर आईच्या शब्दावरचा भरवसाही उडालेला असतो. लस देताना होणारा त्रास कमी कसा करावा, यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सूचना दिल्या. लहान मुलाला आईवडिलांनी जवळ धरावं, शब्द साधे वापरावेत आणि "दुखणार नाही" असं खोटं सांगू नये, हे त्यात आहे. नर्स आणि डॉक्टरांसाठी जे चुकीचं, ते पुस्तकात कसं चालेल?

मुलाला हवी असते ती पुढे काय होणार याची खबर. स्टेथोस्कोप छातीला गार लागतो. जिभेवर चपटी पट्टी दाबली की उमासा येतो, पण मोठ्याने 'आ' केलं की पडजीभ वर जाते आणि घसा लवकर दिसतो. हे चित्रात आधी पाहिलेलं मूल त्या क्षणी दचकत नाही.

शिवाय मुलांची भीती आपल्याला वाटते तिथेच असते असं नाही. रक्त काढल्यावर सुईच्या जागी चिकटपट्टी लावली की बरीच मुलं एकदम शांत व्हायची. पट्टी रंगीत असते म्हणून, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. एकदा एका चिमुरडीने सांगितलं, "आता माझं रक्त सगळं सांडणार नाही ना?" त्या वयात शरीर म्हणजे भोक पडलं की रिकामी होणारी पिशवी वाटते. आजार ही खोडीची शिक्षा आहे, असंही कित्येक मुलांना वाटतं. (त्यात आपण "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" म्हणतो. कृपा करून हे थांबवा.) यावर बोलणारं पुस्तक मला त्या पाच-सहांत सापडलं नाही.

अशी पुस्तकं घरात बसून सुचत नाहीत. क्युरियस जॉर्ज या माकडाचं रुग्णालयात जाण्याचं पुस्तक १९६६ मध्ये आलं, ते बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयाच्या सहकार्याने. मराठीत लिहिणाऱ्या-चितारणाऱ्यांनीही आठवडाभर एखाद्या वॉर्डात बसावं आणि मुलं काय विचारतात ते टिपून घ्यावं. आपल्या बालपुरवणीत पुस्तकांची ओळख करून देताना सुईच्या पानावर काय आहे, तेवढं जरूर सांगावं.

आईवडिलांना एकच विनंती. पुस्तक दवाखान्याच्या बाकावर पहिल्यांदा उघडू नका. एक-दोन दिवस आधी घरी, मांडीवर घेऊन वाचा आणि मूल ज्या पानावर थांबेल तिथे तुम्हीही थांबा. माझा नातू सुईच्या पानावर थांबला. "किती दुखतं?" मी त्याच्या दंडाला हळूच चिमटा काढला, "साधारण एवढं." त्याने दंड चोळला, मग तसाच चिमटा मला काढून पाहिला आणि पान उलटलं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका