एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) ग्रुपच्या सभासदांसाठी: उन्हाचा त्रास की नवा अटॅक?

परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या वर गेला की ग्रुपवर "पाय जड पडलेत, अटॅक आला का?" सुरू होतं. (अटॅक म्हणजे एमएसचा नवा झटका, हार्ट अटॅक नव्हे.) उन्हानं, तापानं जुनीच लक्षणं डोकं वर काढतात. कूलरपुढं बसून, अंग गार झाल्यावर उतरली, तर बहुधा तो नवा अटॅक नव्हे.

पण नवं लक्षण किंवा जुन्याची वाढ सलग २४ तास टिकली, तर न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. डोळा फिरवताना दुखतोय, लाल रंग फिका दिसतोय, तर त्याच दिवशी.

लघवीची तपासणी टाळू नका. जळजळ नसली तरी इन्फेक्शन असू शकतं, आणि त्यानंही जुनी लक्षणं वाढतात. एमआरआयचं डॉक्टर ठरवतील. आणि अटॅक समजून जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून स्टेरॉईड? अजिबात नाही, इन्फेक्शन असलं तर ते बळावतं.

संभाजीनगरला दाखवायला सोबत कुणी नसेल, तर ग्रुपवर बिनदिक्कत सांगा.