चांदणीच्या फासळ्या झाकल्या, फौजी काका

आदरणीय फौजी काका,

सप्रेम नमस्कार.

काल पोळा झाला. तोरणाखाली बैल उभे राहिले तेव्हा बाबांनी रांगेच्या शेवटी आमच्या चांदणी घोडीलाही आणून उभं केलं. खोगीर घातलं नाही, नुसता तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, बांधून पाहिला. तिसऱ्या भोकात बसला. माघात हाच तंग शेवटच्या भोकातही ढिला पडत होता आणि बाबा मोच्याकडून नवीन भोक पाडून आणायला निघाले होते. तुम्हीच त्यांना अडवलं होतं. काल बाबा तंगावर हात ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला लिहायचं, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहायचं. तुम्ही एक पैसा घेतला नाही. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात वरातीच्या एका घोडीसाठी तुम्ही काय केलं, ते निदान लोकांना कळू दे.

मार्गशीर्षात एका वरातीत पायाजवळ फटाक्यांची लड फुटली. चांदणी उधळली, डांबरी रस्त्यावर घसरली आणि पुढच्या डाव्या पायाची नस दुखावली. डॉक्टरांनी सांगितलं, कित्येक महिने तबेल्यातून हलवायचं नाही. आम्ही ते पाळलं, पण खायला घालण्यात चुकलो. ती दिवसागणिक खंगत गेली आणि आम्ही घाबरून चंदी वाढवत गेलो. सकाळी तीन किलो हरभरा, संध्याकाळी तेवढाच, वर गूळ आणि सरकीची ढेप. चारा म्हणून दोन वेळा ज्वारीच्या कडब्याची पेंढी आणि सोयाबीनचं कुटार. एका रात्री ती पोट दुखून लोळायला लागली, लीद बंद झाली. डॉक्टर आले म्हणून वाचली. त्यानंतर दोन दिवस पुढचे खूर हाताला गरम लागत होते.

तुम्ही आलात ते त्याच आठवड्यात. आधी घोडीकडे पाहिलंच नाही. गव्हाणीखाली वाकून चावून थुंकलेल्या गवताची ओली गुठळी उचललीत, बोटांनी उकललीत आणि म्हणालात, "पोरी, इले चंदी कमी नाही पडून राह्यली, चारा कमी पडून राह्यला. अन् हे चावून नाही राह्यली." डॉक्टरांना बोलावून दात तपासायला लावले. दाढांच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या, गालाला आतून जखमा होत्या. कानशीने दाढा घासल्या, लीद तपासून जंताचं औषध दिलं. त्याआधी घातलेला हरभरा निम्मा वायाच गेला असणार.

मग तुम्ही मला जे समजावलं, ते आजवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बैल एकदा पोटभर खातो आणि बसून रवंथ करतो. घोडीला रवंथ नाही. तिचं जठर जेमतेम बादलीएवढं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, ती खात असो वा नसो. रानात ती दिवसभर तोंड हलवत असते, तिथे लाळ सुटते आणि आम्ल शमतं. तबेल्यात चार-पाच तास रिकामी उभी राहिली की जठराला फोड येतात आणि मग खाणंच नकोसं होतं. दाणा एका वेळी फार झाला तर तो वर पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, आणि त्याचा त्रास पोटापासून खुरांपर्यंत जातो. गरम खुरांचा अर्थ मला तेव्हा कळला. तुमच्यासमोर रडू नये म्हणून मी पाणी आणायला गेले होते, हे आज सांगते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शिंप्याची मोजपट्टी घेऊन आलात. छातीचा घेर दीडशे सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १३८. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा, ११,८८० ने भागा. उत्तर आलं २६१ किलो. तुम्ही म्हणालात, "आता डोळ्याईवर भरोसा नाही ठेवायचा. दर आइतवारी हेच मोजायचं, अन् वहीत लिवायचं."

काय घातलं ते मुद्दाम नीट लिहिते, कारण आता आसपासचे घोडेवाले मला विचारतात. दिवसाला सहा-सात किलो कोरडं गवत, बांधावरचं पवन्या आणि मारवेल, बारीक जाळीच्या पिशवीत भरून, रात्रीसुद्धा. तुम्ही स्वतः बसून त्यातली कुसळं वेचायचात, हिरड्यात रुततात म्हणून. सोबत आमच्या विहिरीवरचा लसूणघास, आधी सुकवून मग. त्यात प्रथिनंही असतात आणि कॅल्शियमही. हरभरा भिजवून एका वेळी तीनशे ग्रॅम, दिवसातून तीनच वेळा. मूठभर जवस, पण खळखळून उकळून, घट्ट होईपर्यंत. कच्चं जवस थंड पाण्यात भिजवलं तर त्यात विष तयार होतं. तेल दोन चमच्यांपासून सुरू करून दोन आठवड्यांत पाव लिटरपर्यंत नेलं. त्या पाव लिटरात अर्धा-पाऊण किलो धान्याएवढी ताकद, आणि अंगात उष्णता किंवा मस्ती नाही. जे नवीन घालायचं ते दहा दिवसांत हळूहळू. मूठभर मीठ, आणि सावलीतला रांजण कधी रिकामा नाही. उभं राहून राहून आतडं सुस्तावतं, त्यात पाणी कमी पडलं तर चारा आत अडकतो, म्हणून वैशाखातल्या उन्हात तुम्ही रोज रांजणात हात घालून पाणी गरम तर झालं नाही ना ते बघायचात.

काय घालू नये, तेही तितकंच महत्त्वाचं. आईला गव्हाचा कोंडा फार चांगला वाटायचा. तुम्ही तिला दुखावल्याशिवाय सांगितलंत की कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी. रोज पोटभर दिला तर हाडं ठिसूळ होतात. कोवळ्या ज्वारीला हात लावू दिला नाहीत. आणि एका दुकानदाराने "वजन झपाट्याने वाढेल" म्हणून कोंबडीखाद्याचं पोतं दिलं होतं, ते तुम्ही स्वतःच्या खांद्यावर टाकून परत नेऊन दिलंत. अशा खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. कोंबडीला ते चालतं, पण थोडंसंही घोड्याचं हृदय निकामी करतं. आमच्या हातून ते पोतं उघडलं गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजून रात्री उठवतो.

चैत्र संपता संपता फासळ्या झाकायला लागल्या, पण पाठीच्या कण्याशेजारी खळगा तसाच. मी पुन्हा घाईला आले, हरभरा वाढवू का विचारलं. तुम्ही त्या खळग्यात तळहात ठेवलात. "थे चरबी नाही, पोरी, मास हाये. मास दाण्यानं येत नाही, चालल्यानं येते. डॉक्टर चालवा म्हनतीन तवा येईल." ज्येष्ठात डॉक्टरांनी पाच मिनिटांची परवानगी दिली. तुम्ही दोरी माझ्या हातात दिलीत आणि स्वतः मागून चाललात, पायाकडे बघत. त्या पाच मिनिटांत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पाय टेकताना ती कचरली नाही, तेव्हा टोपी काढून तोंड पुसलंत.

लग्नाच्या हंगामात घोडी बांधून ठेवणं म्हणजे आमच्या घरात काय असतं, हे तुम्हाला माहीत होतं. तरी बाबांना तुम्ही सांगितलंत की या तुळशीच्या लग्नानंतरही लगेच वरात घेऊ नका. बाबांनी ऐकलं. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं.

या रविवारी घेर १५८ भरला. हिशेब दोनदा केला, २९० किलो. वहीची पानं संपत आली आहेत, मोजपट्टी अजून आमच्याकडेच आहे. मुलाकडून पुण्याहून परत आलात की घ्यायला या, आणि काकूंना घेऊन या. आई पातोडीचा रस्सा करणार आहे. पण आधी तबेल्यात या. तुमच्या सायकलीची घंटा ऐकली की चांदणी कान टवकारायची. आता दुसऱ्या कुणाची वाजली तरी दारापर्यंत येते.

तुमची,
चांदणीवाली पोरगी